दगडाबाईची उपकारस्तुती

गप्प राहण्यात शांतवन पाटोळेचा किती फायदा होता, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढं त्यानं जे केलं त्याला उगीच साधुपणाचा रंग चढायला नको.

गप्प राहिला असता, तर त्याच्या हिशेबानं चौकातली माणसं आणखी महिना-दोन महिने त्याला ‘साहेब’ म्हणत राहिली असती. लोहाऱ्यात कचेरीच्या संगणकावर बसणाऱ्या कंत्राटी माणसालाही साहेबच म्हणतात, कारण दाखला त्याच्या हातून निघतो आणि सही करणारा खरा साहेब जागेवर सापडत नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नव्या कमिटीत ‘वडील’, म्हणजे कारभारी सभासद, म्हणून त्याला घ्यायचं बोलणं चाललं होतं, तेही चालू राहिलं असतं. आणि सगळ्यात मोठी कमाई म्हणजे त्याची आई. दगडाबाई त्या आठवड्यात गल्लीतून जशी चालत होती, तशी ती लग्नातही चालली नसेल. हे सगळं फुकटात पदरात पडत होतं. त्यासाठी करायचं काहीच नव्हतं, नुसतं तोंड मिटून बसायचं होतं. आणि तोंड मिटून बसण्यात शांतवनचा हात धरील असा माणूस आमच्या अख्ख्या मंडळीत नव्हता.

उलट बोलण्यात फायदा एकच होता: आईच्या तोंडाकडं बघता आलं असतं. बाजारात या मालाला भाव नाही.

त्याची कचेरीतली नोकरी गेली त्यात कुणाचा दोष काढावा असंही काही नव्हतं. ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदारानं आपली माणसं आणली, इतकंच. संध्याकाळी फोन आला तेव्हा शांतवन घरापुढच्या ओट्यावर येरझारा घालत ‘हो साहेब, बरोबर आहे साहेब’ करत होता. शेवटी म्हणाला, “समजलं साहेब. आजपासून कार्यमुक्त. आभारी आहे.” काढून टाकणाऱ्याचे आभार मानणारा माणूस विरळा, पण शांतवनचा पिंडच तसा. एस.टी.त कुणी त्याच्या पायावर पाय दिला, तर ‘लागलं नाही ना तुम्हाला’ असं हाच विचारणार.

आत दगडाबाई तांदूळ निवडत बसली होती. फोनमधलं बाकी सगळं वाऱ्यावर गेलं आणि तिच्या कानात दोनच शब्द शिरले: कार्यमुक्त आणि आभारी.

आता कार्यमुक्त हा सरकारी शब्द मोठा लबाड आहे. माणसाला काढून टाकतात तेव्हाही तोच, आणि बढती देऊन दुसऱ्या गावी पाठवायला मोकळं करतात तेव्हाही तोच. शेजारच्या गायत्रीबाई शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना मागल्या वर्षी असंच कार्यमुक्त केलं आणि त्या मुख्याध्यापिका होऊन येरमाळ्याला गेल्या. जाताना गल्लीत पेढे वाटले. दगडाबाईची त्या शब्दाशी ओळख झाली ती पेढ्यासकट. शिवाय त्यातला ‘मुक्त’ तर तिच्या घरचाच शब्द. पापातून मुक्त, बंधनातून मुक्त, असं ती सासरी आल्यापासून दर रविवारी ऐकत होती. मुक्त होऊन कुणाचं वाईट झालं असं तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

तिच्या नावाचीही एक गंमत आहे. लग्न होऊन ती या घरात आली आणि तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता, तेव्हा नवं नाव काय ठेवावं यावर चर्चा झाली. त्या वेळचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हातारे आणि मिश्कील होते. ते म्हणाले, प्रभूनं आपल्या शिष्याचं नाव मुद्दाम बदलून खडक ठेवलं. हिच्या आईबापांनी ते काम आधीच करून ठेवलंय, आपण कशाला हात लावा. तर ती दगडाबाईच राहिली.

शांतवन फोन ठेवून आत आला तर आई वाटच बघत होती.

“शांतू, तुला कार्यमुक्त केलं म्हणं?”

“व्हय.”

“मंग मला सांगायचं न्हाय व्हय रं?”

“सांगणार होतो.”

“कुठं टाकलं?”

“ठरलं न्हाय अजून.”

शब्द न् शब्द खरा होता. खोटं बोलायला डोकं लागतं. अर्धं खरं बोलायला भीती पुरते. त्या वेळी सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण आईनं निवडलेल्या तांदळाचं सूप तसंच बाजूला ठेवून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि शांतवनची जीभ तिथंच चिकटली.

त्याच्या बायकोचं नाव सुवार्ता. अर्थ चांगली बातमी, पण घरातली वाईट बातमी सगळ्यात आधी तिलाच कळायची. तिनं रात्री भांडी घासता घासता विचारलं, आत्याबाईंना तुम्ही सांगता का मी सांगू? त्यानं रविवारपर्यंतची मुदत मागितली. तिनं दिली. नवऱ्याला मुदत देण्यात बायकांचा काय फायदा असतो ते अजून कुणाला उलगडलेलं नाही.

रविवार आला. आमचं देऊळ म्हणजे तहसीलच्या मागच्या बाजूला एक लांबट पत्र्याची खोली, आत समोरच्या भिंतीवर लाकडी क्रूस. पुढं कमिटीच्या वडील मंडळींना खुर्च्या, बाकी सगळे सतरंजीवर. उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात: कुणाची साक्ष, कुणाची विनंती, कुणाची उपकारस्तुती? साक्ष म्हणजे देवानं काय केलं ते उभं राहून सांगायचं. विनंती म्हणजे त्यानं आता काय करावं ते सुचवायचं. यात गावातल्या अर्ध्या बातम्या कळतात आणि वर्तमानपत्र घ्यावं लागत नाही. आणि उपकारस्तुती म्हणजे काही चांगलं झालं की मंडळीला घरी बोलवायचं. प्रार्थना, दोन गीतं, मग बुंदी, चिवडा, चहा. त्या संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला पाळकसाहेबांच्या शेजारी खुर्ची मिळते, आणि सगळी मंडळी त्या माणसाचं नाव घेऊन देवाचे आभार मानते.

दगडाबाईचा जन्म दुसऱ्यांच्या उपकारस्तुतीला जाण्यात गेला. कुणाच्या घराच्या, कुणाच्या नातवाच्या, कुणाच्या गाडीच्या. तिची जागा ठरलेली, दाराशी, चपलांजवळ. तिथून ती आमेन म्हणायची, तेही सगळ्यांचं झाल्यावर, मागून.

त्या रविवारी ती उभी राहिली. पहिल्यांदाच. म्हणाली, येत्या गुरुवारी सांजच्याला आमच्या घरी उपकारस्तुती हाय, माझ्या शांतूला कार्यमुक्त केलं, सगळ्यांनी यायचं.

खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

गोष्ट अशी की लोहाऱ्यासारख्या गावात कचेरीचा ठेकेदार बदलला, तर ते ठेकेदाराच्या आधी समोरच्या चहावाल्याला कळतं. शांतवन घरी बसला हे मंडळीतल्या पोराबाळांनाही माहीत झालं होतं. माहीत नव्हतं ते एका दगडाबाईला. आणि सगळ्यांना माहीत आहे, हे माहीत नव्हतं एका शांतवनला.

मग कुणी बोललं का नाही? ज्याचं त्याचं कारण वेगळं. काहींना म्हातारीची दया आली. काहींना वाटलं, हे सांगायचं काम घरच्यांचं. कमिटीचे वडील स्तेफन मास्तर, हे निवृत्त शिक्षक, दुसऱ्याच्या लांबलेल्या प्रार्थना खाकरून आवरत्या घ्यायला लावायचे. पण त्या दिवशी त्यांचाही घसा साफ निघाला. त्यांच्या जावयाचं नाव वडिलांच्या त्याच जागेसाठी पुढं होतं, त्यामुळं शांतवनबद्दल आपण काही बोललो तर लोक काय म्हणतील, असा त्यांनी विचार केला असणार. आणि काहींनी गुरुवारच्या बुंदीचा विचार केला नसेलच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सगळ्यांची कारणं मिळून शेवटी शांततेचाच आकडा आला. पाळकसाहेबांनी “प्रभूची स्तुती असो” म्हटलं आणि मंडळीनं एका आवाजात “आमेन” म्हटलं.

शांतवन गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसला होता. उघडलं होतं ते पान अनुक्रमणिकेचं.

पुढं प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हटली. ‘रोजची भाकर आज आम्हाला दे’ ही ओळ आली तसा त्याचा आवाज थांबला. ओठ हलत राहिले. नोकरी गेल्यापासून घरीही हेच चाललं होतं. प्रार्थनेला बसायचा, डोळे मिटायचा आणि आत काहीच सापडायचं नाही. देवाला काय सांगायचं हे त्याला पक्कं माहीत होतं, पण ते सांगितलं म्हणजे खरं होणार, असं काहीतरी त्याच्या मनानं घेतलं होतं. देवालाही तो साहेबाशी बोलावं तसं, ‘सगळं ठीक आहे’ असंच कळवत होता.

सोमवारपासून दगडाबाई कामाला लागली. हरभऱ्याची डाळ दळून आणली. सुवार्तेला म्हणाली, बुंदी आपण घरीच पाडू, हलवायाची बुंदी तोंडात टाकली की पीठ लागतं. सुवार्ता एकदा सासूकडं बघायची, एकदा नवऱ्याकडं. शेवटी तिनं त्याला हळूच विचारलं, “पाक बुंदीचा करू का सुतकाच्या चहाचं आधण ठेवू, तेवढं सांगा. साखर एकच हाय.” तो चपला सरकवून बाहेर पडला. तिनं बुंदीचं ठरवलं.

बुधवारी दुपारी दगडाबाईनं समोरच्या विरेशलाही बोलावलं. विरेश लिंगायताचा, उमरग्याच्या फेऱ्या करणाऱ्या दोन जीपगाड्यांचा मालक, आणि शांतवनच्या शाळेतला सोबती. त्याची जीभ गाडीपेक्षा जोरात धावते.

“मावशी, तुमच्या देवाची बुंदी आमाला चालती का पण?”

“बुंदीला कुठली जात रं मुडद्या? तेल शेंगदाण्याचं हाय. ये गुमान.”

म्हातारी आत गेल्यावर विरेशनं शांतवनच्या खांद्यावर हात ठेवला. विचारलं, “काय साहेब, कुठल्या गावाला कार्यमुक्त झालात म्हणं? आमाला बी न्या की.”

तो हसत होता, पण हसण्यात विष नव्हतं. शांतवननं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला एकदम कळलं की विरेशला माहीत आहे. विरेशला माहीत म्हणजे स्टँडला माहीत. स्टँडला माहीत म्हणजे आता सांगायला कोणी उरलंच नाही. रविवारचं ते आमेन त्याला आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

देवळातली सतरंजी उद्यासाठी घरी आणायची होती, हे निमित्त बरं होतं. तो तडक तिकडं गेला. पाळकसाहेब योनाथान साळवे वयानं त्याच्याहून लहान, दोन वर्षांपूर्वीच इथं आलेले. ते खिडकीची निखळलेली जाळी खिळ्यानं बसवत होते. शांतवननं सतरंजी मागितली आणि तिच्याच घडीवर बसून राहिला. मग विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? पाळकसाहेबांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, होतं. सगळ्यांनाच होतं.

“मग स्तुती असो कसं म्हणालात?”

“भ्यालो,” पाळकसाहेब म्हणाले. “तुमची आई उभी राहिली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिला खाली बसवायचा माझा धीर झाला नाही.” मग म्हणाले, “आता उद्या मी कशावर प्रार्थना करू, तुम्हीच सांगा. तीन रात्री झोप नाही मला.”

पाळकाला झोप लागत नाही हे ऐकून माणसाला बरं वाटावं, ही काही ख्रिस्ती भावना नव्हे. पण शांतवनला थोडं बरं वाटलं. त्यानं म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी आत्ता प्रार्थना करा. पाळकसाहेब म्हणाले, तुम्हीच करा. हा म्हणाला, येत नाही, तोंडच उघडत नाही.

“मग नुसतं बसू,” पाळकसाहेब म्हणाले, आणि तेही येऊन सतरंजीच्या दुसऱ्या टोकावर बसले.

यावर बायबलातली चार वचनं सांगायची सोय होती. दुसरा कुणी असता तर सांगितली असती. योनाथान साळवेंनी एकही सांगितलं नाही, हे त्यांच्या नावावर जमा. दोघं बसून राहिले. बाहेर तहसीलच्या आवारात कुणीतरी गाडीला लाथा मारून सुरू करत होतं. पत्रा ऊन उतरल्यामुळं कडकड वाजत होता. बऱ्याच वेळानं शांतवन क्रुसाकडं न बघता, जमिनीकडं बघून म्हणाला, “प्रभू, मला काम नाही.”

एवढंच. पुढं आमेन म्हणायचंही राहिलं.

काही घडलं नाही. उजेड पडला नाही, फोन वाजला नाही. पण इतके दिवस जे गळ्याशी अडकलं होतं ते बाहेर पडून समोरच्या फरशीवर जणू पडलं होतं, आणि बाहेरून बघितल्यावर ते त्याला वाटलं होतं तेवढं मोठं नव्हतं. ज्याला हे सांगायची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती, त्या प्रभूला सांगून झालं होतं. तो काही बोलला नव्हता, पण उठून निघूनही गेला नव्हता. शांतवन सतरंजी खांद्यावर टाकून घरी आला. त्या रात्री तो झोपला. पाळकसाहेबही झोपले असावेत.

गुरुवारी दुपारी सुवार्ता कढईवर झाऱ्यातून बुंदी पाडत होती. दगडाबाई डोक्याला तेल लावून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बाजेवर बसली होती. शांतवन तिच्यासमोर खालीच बसला.

“माय, कार्यमुक्त म्हणजे काढून टाकलं. बढती न्हाय, बदली न्हाय. नोकरी गेली माझी.”

दगडाबाईनं बाजेवरून पाय खाली सोडले.

“कवा?”

“तू ऐकलंस त्याच सांजंला.”

“मंग तू त्याला आभारी कशापायी म्हणलास?”

शांतवनला यावर खरं तेच सुचलं. “सवय.”

दगडाबाईनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, पुन्हा सोडलं. “सुवार्तीला ठाव हाय?”

“व्हय.”

“पाळकसायबाला?”

“व्हय.”

“मंडळीला?”

“सगळ्यांनाच ठाव हाय, माय.”

“म्हंजी मीच तेवढी उरले,” ती म्हणाली. रागानं नाही, शेंगा वाटून संपल्यावर पोराबाळांत कोण राहिलं हे बघावं तसं.

शांतवन म्हणाला, तू आत बस, मी सगळ्यांना दारातच सांगतो, वाटलं तर तुला ताप आलाय म्हणतो. हे शेवटचं त्यानं म्हणायला नको होतं. दगडाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा लहान झाला.

“बोलावणं माझं हाय. मीच सांगन. तू आता आनिक खोटं नगो काढू.” मग आत वळून विचारलं, “सुवार्ते, झाली का गं बुंदी?”

सांजेला मंडळी जमली. अशी गुमान आलेली मंडळी आमच्याकडं मयतालाच बघायला मिळते. सतरंजी भरली. पाळकसाहेब खुर्चीवर बसले, शेजारची खुर्ची दगडाबाईसाठी रिकामी. तिच्यावर सुवार्तेनं भरतकामाचा रुमाल टाकला होता. विरेश दारात उभा राहिला, आत बसावं का नाही याचा त्याला अंदाज येईना.

पहिलं गीत झालं. पाळकसाहेब उठायच्या आधी दगडाबाई पुढं आली. खुर्चीवर बसली नाही. तिची पाठ धरून उभी राहिली.

“म्या शब्द चुकीचा समजले,” ती म्हणाली. “माझ्या लेकाची नोकरी गेली. तुमाला ठाव व्हतं, तरी तुमी आमेन म्हणलात. ऱ्हाऊ द्या. आता आलातच तर बसा.”

ज्यांना आश्चर्याचा चेहरा करता आला असता त्यांनीही तो केला नाही. सगळ्यांची नजर सतरंजीच्या पट्ट्यांवर. स्तेफन मास्तर खाकरले आणि देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत, असं काहीसं सुरू करू लागले.

“मास्तर, तुमी थांबा जरा,” दगडाबाई म्हणाली. “मला प्रार्थना करायची हाय.”

मास्तर थांबले. त्यांच्या आयुष्यात कुणाची प्रार्थना आवरायच्या ऐवजी त्यांनाच आवरावं लागलं, ते तेव्हाच. दगडाबाईनं डोळे मिटले. तिनं चारचौघांत कधी प्रार्थना केली नव्हती, त्यामुळं सुरुवात कशी करतात हे ती विसरली, आणि शेजारणीशी बोलावं तशी एकदम मधूनच बोलू लागली.

“देवा, म्या तुझं उपकार मानून बसले. गल्लीभर सांगून बी बसले. आता कळलं, त्यातलं काय बी झालं न्हाय. पर ते उपकार म्या वापस घेत न्हाय. दिलं ते दिलं. तू जमा धर. माझ्या लेकाला काम दे. न्हायतर कामाबिगर ताठ उभं ऱ्हायचं बळ दे. दोन्हीतलं तुला आदी जमंल ते दे, माझं म्हणणं न्हाय. येशूच्या नावानं.”

एवढं बोलून ती थांबली. आमेन दुसऱ्यांनी म्हणायचं असतं ही तिची सवय, म्हणून ती वाट बघत राहिली.

“आमेन,” शांतवन म्हणाला. मोठ्यानं, एकटा. मग मंडळी म्हणाली. या खेपेला आवाज एकसारखा निघाला नाही. कुणाचा आधी, कुणाचा मागून, कुणाचा ओला.

पाळकसाहेबांनी वेगळी प्रार्थना केली नाही. म्हणाले, प्रभूची प्रार्थना म्हणू या. शांतवन सगळ्यांबरोबर म्हणत गेला. भाकरीची ओळ आली आणि गेली.

बुंदी वाटली. चांगली झाली होती, पण दुसऱ्यांदा कुणी मागितली नाही. मंडळीच्या इतिहासात बुंदी उरल्याची ही पहिलीच वेळ. विरेशनं मात्र मागून घेतली, आणि जाताना म्हणाला, मावशी, तुमचा देव ऐकतो का न्हाय ते ठाव न्हाय, पण तुमी बोललात त्याच्याशी बरोबर.

पुढं लगेच काही झालं असं नाही. शांतवननं दोन ठिकाणी विचारलं. एकानं उद्या या म्हटलं आणि तो उद्या काही उगवला नाही. दुसऱ्यानं वय विचारलं. तो रोज सकाळी प्रार्थना करायचा आणि आता त्यात ‘सगळं ठीक आहे’ हे वाक्य नसायचं. सुवार्ता सांगते, काही दिवशी तर तो देवाशी चांगला हुज्जत घालायचा. पण घरातून बाहेर पडताना मान खाली नसायची.

मग विरेशचा एक ड्रायव्हर पुण्याला पळाला. विरेश दारात येऊन म्हणाला, मला साहेब नको, गाडी चालवणारा पाहिजे. शांतवनकडं लायसन होतं. मंडळीनं याला प्रार्थनेचं उत्तर म्हटलं. विरेश म्हणतो, उत्तरबित्तर काही नाही, तो पळालेला हरामखोर होता. दोघांचंही बरोबर असू शकतं.

जीप चालवणं सोपं. अवघड असतं ते भरणं. स्टँडवर उभं राहून गावाचं नाव ओरडावं लागतं, आणि स्टँड आहे बरोबर त्या कचेरीच्या समोर. पहिल्या दिवशी शांतवन गाडीच्या दाराशी उभा राहिला तेव्हा कचेरीतली दोघं-तिघं जुनी माणसं चहाला बाहेर आली होती. विरेश टपरीवरून बघत होता, त्याला वाटलं हा आता गाडीच्या मागं जाईल. शांतवननं त्यांच्याकडं बघून हात केला आणि ओरडला, “उमरगा, उमरगा! चला मावशी, उमरगा!” आवाज थोडा फाटला, पण निघाला.

गाडी भरून दिल्यावर विरेशनं छेडलं, काय रे, लाज न्हाय वाटली?

“वाटली,” शांतवन म्हणाला. “पण ज्याच्यापुढं बोलायची खरी लाज होती, त्याच्यापुढं बोलून झालंय. आता उमरगा म्हणायला काय लागतं?”

कमिटीत वडिलांच्या जागी स्तेफन मास्तरांचे जावई आले. पाळकसाहेब आता उपकारस्तुती कुणी सांगितली की आधी घरी जाऊन विचारपूस करतात. लोकांना ते जरा काचतं. एका रविवारी त्यांनी दगडाबाईला म्हटलं, पुढं येऊन बसा. ती म्हणाली, दाराशी वारा चांगला लागतो.

जीपवर कचेरीइतकं भागत नाही, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या खुरपणीला गल्लीतल्या बायका निघाल्या, तेव्हा एका सकाळी दगडाबाईही भाकरी बांधून त्यांच्यात उभी होती. मुलगा कामाला लागल्यापासून ती रानात गेली नव्हती. त्यानंच तिला जाऊ दिलं नव्हतं. शांतवन अडवायला आला तर म्हणाली, घरात बसून अंग धरलंय माझं, बायकांत बरं वाटतं. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. तिनंही त्याच्याकडं बघितलं. दोघांनाही खरं काय ते माहीत होतं आणि यावेळी ते लपलेलं नव्हतं, म्हणून त्यानं वाट सोडली.

तर हिशेब असा. ठेकेदाराला त्याची माणसं मिळाली. मास्तरांच्या जावयाला खुर्ची मिळाली. विरेशला न पळणारा ड्रायव्हर मिळाला. पाळकसाहेबांना झोप मिळाली, मंडळीला बुंदी, आणि शांतवनला त्याचा आवाज. देवाकडं एक उपकारस्तुती आगाऊ जमा आहे. आणि या सगळ्याचं देणं भरलं दगडाबाईनं. अजून भरते आहे, सोमवार ते शनिवार, सोयाबीनच्या ओळीत वाकून.